जपानच्या देवाला कबूल केलेला कोंबडा

जपानला परत कशाला गेलीस, असे कोणी विचारले की मी सांगते, फुले बघायला. धारगळच्या बायकांना तेवढे पुरते. खरे कारण कोंबडा. माझ्या भावाने जपानच्या एका देवाला कोंबडा कबूल केला होता आणि तो फेडायला आम्ही दोघे, एक साठीची बाई आणि एक पंचावन्न वर्षांचा गाढव, मोपाच्या विमानतळावर बॅगा ढकलत गेलो.

नीट सांगते. केरीला समुद्राकाठी माझ्या सासरचे लहानसे घर आहे. तिथे हिसाए आणि मोरिओ हे जपानी नवराबायको दहा-अकरा हिवाळे राहून गेले. हिसाए आमची बोली शिकली ती केरीच्या बायकांकडून. त्यामुळे तिला पुस्तकी एक वाक्य येत नाही, पण मासळीवालीशी भांडण ती माझ्याहून बरे करते. मोरिओला एकच शब्द येतो, 'व्हय'. तो शब्द तो कशालाही वापरतो. एकदा त्याला मुंगूस चावले का विचारले, तर व्हय. चावले नव्हते.

त्यांनी बोलावले म्हणून आम्ही गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो. मी आणि माझा धाकटा भाऊ बाबली. बाबली कारापूरला असतो. वीस वर्षे त्याने डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला. तो भरायचा ती माती बोटीत बसून जपानला जायची, एवढे त्याला पक्के माहीत. म्हणून जपानात लोखंड दिसले की तो हात लावतो. पूल दिसला, हात लावला. रेल्वेचा खांब दिसला, हात लावला. "बाय, ही आपली माती." एका स्टेशनात तर टोपीवाला माणूस धावत आला आणि त्याला खूप नम्रपणे खांबापासून सोडवून घेऊन गेला.

फुले मात्र त्या वर्षी दिसली नाहीत. शिगमो संपला की निघू, असे ठरवणारा बाबलीच. जपानच्या झाडांना शिगमो कळत नाही. नुसत्या कळ्या बघून आलो.

शेवटच्या दिवशी मोरिओने आम्हाला डोंगरातल्या त्याच्या मूळ गावी नेले. गावाच्या वेशीवर, जिथून रान सुरू होते, तिथे एक लहानसे लाल देऊळ. दोन दगडी कोल्हे. आणि कोल्ह्यांच्या पुढ्यात दारूची बाटली.

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे वेशीवर राखणदार असतो आणि त्याला सोरो ठेवतात. बाटली बघून कुठल्याही पेडणेकराने जो अर्थ काढला असता तोच बाबलीने काढला. हा इथला राखणदार. आणि राखणदाराला सोऱ्याबरोबर काय लागते? मी फोटो काढत होते. तेवढ्यात ह्याने डोळे मिटून काम उरकले.

मला हे कळले पुढच्या जानेवारीत. माझ्या मुलीला, ऋतिकाला, पाचवा लागला होता. फुले माळायचा दिवस. अंगणात बायका आणि मी स्वयंपाकघरात लाकडी दवल्याने सोलकढी ढवळत होते. बाबली दारात येऊन उभा राहिला.

"बाय, एक सांगूचा आसा."

"सांग."

"आधी तो दवलो खाली ठेव."

मी दवलो ठेवला नाही. त्याने लांबूनच सांगितले. जपानात देवाकडे भाचीसाठी मागणे केले होते. ऋतिकाक दिवस जावंदेत, तुका जितो कोंबो दितंय.

"जपानात?" मी म्हटले. "हंयसर तुका देव कमी पडले?"

"हंयच्या सगळ्यांक सांगून झाल्ला, बाय. कोणी आयकूक नाय. थंय रिकामो बसल्लो दिसलो."

दवलो मी फेकला. जनेलातून बाहेर गेला.

ऋतिकाचे आधी दोनदा राहिले होते आणि दोन्हीदा गेले होते. धारगळात लोकांना स्वतःच्या घरचे कौल फुटलेले दिसत नाही, पण दुसऱ्याच्या मुलीचे पोट हायवेवरून दिसते. माझ्या भज्यांच्या गाड्यावर येऊन, माझीच भजी खात, काय गे, ऋतिकाचे काय, असे विचारणाऱ्या बायकांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिले तर त्यांतल्या निम्म्या पुढचे वाचणार नाहीत. सांगायचे एवढेच की हे तिसरे होते, आणि हे कोंबड्यावर उभे होते.

माझा विश्वास आहे का म्हणता? नाही. साफ नाही. कोणी नवस फेडला नाही म्हणून कोल्हा गोव्यात येऊन बाळ नेत नाही. पण स्वतःच्या मुलीच्या पोटावर कोणी असले करून बघते का? त्या रात्रीपासून मला झोप येईना. मार्चअखेर मी बाबलीला फोन करून म्हटले, तिकिटा काढ. कशी काढली ते विचारू नका.

*

एप्रिलात नागोयाच्या स्टेशनात हिसाए दोन्ही हात उंच करून उभी होती.

"कमलाक्षीबाय! यंदा वेळार आयलात गो! फुलां फुलली!"

फुलली होती हे खरे. खोटे कशाला बोलू? नदीच्या दोन्ही काठांना झाडे अशी भरली होती की मला दोन मिनिटे कोंबडा आठवला नाही. रात्री जेवताना आठवला. मी तिला सगळे सांगितले. हिसाएने जेवायच्या काठ्या खाली ठेवल्या. मोरिओला त्यांच्या भाषेत सांगितले. मोरिओ म्हणाला, "व्हय."

"इतक्याच मा?" हिसाए म्हणाली. "कोंबो मी हाडतंय."

सकाळी तिने आणला. दुकानातून. पांढऱ्या ताटलीत, प्लास्टिकखाली, चार तंगड्या. वर किमतीची चिठी.

बाबलीने ताटली उलटी केली, सुलटी केली, मुंडके शोधले. "ह्येका टकली खंय?"

"टकली कोण खाता?"

"देव काय तंगडी चघळता? जितो होयो, हिसाएबाय. पायांर उभो रवणारो."

हिसाएने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने मोरिओला सांगितले. मोरिओ या वेळी 'व्हय' म्हणाला नाही. तो उठून फोन करायला गेला.

मोरिओचा शाळेतला एक मित्र शहराबाहेर कोंबड्या पाळतो. आम्ही व्हॅन घेऊन गेलो. व्हॅन म्हणजे आमच्या पावाच्या गाडीला जरा मोठे दार लावावे एवढीच. मित्राने एक शब्द न विचारता एक तांबडा, मोठ्या तुऱ्याचा कोंबडा संत्र्यांच्या खोक्यात घालून दिला. आणि मग आमच्यापुढे कमरेत वाकला. उठला, परत वाकला. त्याची बायको घरातून धावत आली, तीही वाकली. फुकट वस्तू देणारा माणूस एवढे आभार मानतो तेव्हा वस्तूत काहीतरी आहे, हे मला तिथेच कळायला हवे होते. मी तीस वर्षे गाडा चालवला आहे.

काय आहे ते पहिल्या बोगद्यात कळले. गावाकडे जाणारा रस्ता सगळा डोंगर फोडून केलेला. बोगद्यात शिरले की काळोख. बाहेर पडले की ऊन. कोंबड्याने आपल्या परीने हिशेब बरोबर लावला: रात्र झाली, सकाळ झाली. बाहेर पडलो की तो आरवायचा. असा आरवायचा की मोरिओचे डोके छताला लागायचे. बावीस बोगदे होते. बावीस सकाळी झाल्या.

"बाय," बाबली कानात बोटे घालून म्हणाला, "माका वाटता मी म्हातारो झालंय."

दुपारी एका नदीकाठी जेवायला थांबलो. झाडांखाली निळी प्लास्टिके पसरून लोक बसले होते. खाणेपिणे, गाणी, आणि प्लास्टिकच्या कडेला जोडे असे ओळीत लावलेले की आमच्या शाळेत मुलेसुद्धा कधी अशी उभी राहिली नाहीत. हिसाएने डबे काढले. बाबलीला वाटले, कोंबड्याला जरा वारा लागू दे. त्याने खोके उघडले.

पुढचे फार भरभर झाले. कोंबडा जोड्यांवरून पळाला. टाय लावलेल्या कचेरीतल्या माणसांच्या घोळक्यात शिरला. त्यांच्या मेजवानीच्या मधोमध उभा राहिला. आमच्याकडे असे झाले असते तर आतापर्यंत काठ्या, शिव्या आणि एक व्हिडिओ झाला असता. ते लोक उठले आणि कोंबड्याची माफी मागू लागले. त्याला वाट द्यायला मागे सरकले. एकाने त्याच्यासाठी आपला पेला बाजूला घेतला.

"को-को-को-को!" बाबली ओरडला. मोरिओही ओरडला. मग एक म्हातारे साहेब, बहुतेक कचेरीचे मोठे साहेब, त्यांनीही वाकून बघितले आणि गंभीरपणे म्हणाले, "को-को-को-को." साहेब म्हणाले म्हटल्यावर सगळी कचेरी म्हणू लागली. डोक्यावरून फुले पडताहेत आणि वीस टायवाले रांगत को-को करताहेत. कोंबड्याने सगळ्यांकडे एकदा बघितले, डब्यातला तळलेला चिकनचा तुकडा उचलला आणि खाल्ला.

"शी!" हिसाए म्हणाली. "आपलोच चुलतो खाल्ल्यान."

साहेबांनीच त्याला टोपीखाली धरला. दोन्ही हातांनी, पुरस्कार द्यावा तसा, बाबलीला दिला.

*

देवळाकडे पोचलो तेव्हा एक म्हातारी झाडू मारत होती. ऐंशीच्या वरची, कमरेत पार वाकलेली. तोमिको तिचे नाव. देवळाला भटजी नाही, झाडलोट तीच करते. झाडत होती त्या पाकळ्याच, आणि झाडेल तेवढ्या वरून परत पडत होत्या. देवळावरच एक भलेमोठे झाड होते. तिने खोक्यात डोकावून बघितले आणि हसली. मग हिसाएने तिला समजावले की कोंबडा कशासाठी आणला आहे. म्हातारीचे हसू गेले. झाडू तिने दोन्ही हातांनी आडवा धरला.

"ती म्हणता, रगत नाय," हिसाए म्हणाली. "एक थेंब नाय. हंय कधीच नाय झाला. देवाक होया ता काय तर भात, सोरो आणि ह्या." तिने कोल्ह्यांपुढची बशी दाखवली. बशीत तळलेल्या सोयाच्या चपट्या वड्या होत्या.

"कोल्याक कोंबो आवडत नाय?" बाबली म्हणाला. "कोल्याक? तिका परत विचार."

हिसाएने परत विचारले. म्हातारीने झाडू अजून वर धरला.

बाबलीचा चेहरा उतरला. मग त्याने शेवटचा उपाय काढला, तो म्हणजे कौल. आमच्या देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजव्या बाजूची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. बाबलीने दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि कोल्ह्याच्या दोन्ही गालांना लावल्या. हात जोडले.

"म्हाराजा, कोंबो मारल्याशिवाय चलात काय? उजवो दी."

तेवढ्यात वारा आला.

झाडच हलले. उजवीकडून, डावीकडून, समोरून, पाकळ्याच पाकळ्या. कोल्ह्याच्या डोक्यावर, शेपटीवर, नाकावर. चिकटवलेल्या कुठल्या आणि पडलेल्या कुठल्या, देवालाही कळले नसते. दोन मिनिटांत देवाने तीनशे वेळा हो आणि तीनशे वेळा नाही सांगितले. मोरिओच्या तोंडात एक गेली.

"उजवो काय?" बाबलीने मोरिओला विचारले.

"व्हय," मोरिओ म्हणाला.

"डावो काय?"

"व्हय."

मी हसायला लागले. हसता हसता बघितले तर बाबली पायरीवर बसून रडत होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, खाण बंद पडली तेव्हाही ज्याने डोळ्यांतून पाणी काढले नाही.

"बाय, चेडवाक कायतरी झाला तर माझ्यामुळे. तू माका घराक घेवची नाय."

मी हसायची थांबले. कारण खरे होते ते. मी त्याला घरात घेतले नसते. मला स्वतःलाच घेतले नसते. विश्वास नाही म्हणणारी मी, दहा-बारा तास विमानात आणि बावीस बोगदे कोंबड्याबरोबर काढून इथे उभी होते.

आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणे घालतात ते पुरुष. मोठ्या आवाजात देवाला सगळे सांगायचे, आणि मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. बाईने घातलेले मी जन्मात ऐकले नाही. पुरुष जे सांगतात ते मात्र ऐकून पाठ झाले आहे, आणि त्यात मुद्द्याचे फार थोडे असते. मी बाबलीला बाजूला केले, पदर खोचला आणि सुरू केले.

"बा देवा म्हाराजा! तू कोण, तुझा नाव काय, माका म्हायत नाय. ह्या माझ्या भावान तुका न विचारता कोंबो बोललो. तू काय मागूक नाय होतस."

"व्हय म्हाराजा!" मोरिओ ओरडला. म्हातारी दचकली. एका शब्दाचा माणूस, दुसरा केरीच्या देवळातून उचललेला, पण जन्मात पहिल्यांदा त्याचा 'व्हय' जागेवर पडला.

"ह्येका अक्कल कमी, पण मन काळा नाय. माझ्या चेडवाक आठवो लागलो. आदले दोन खंय गेले ता मी आजपर्यंत एकाही देवाक विचारूक नाय. तुकाय विचारणत नाय. पण ह्या तिसऱ्याक कोणी हात लावलो म्हाराजा, तर माझ्याशी गाठ आसा!"

"बाय!" बाबली उठून उभा राहिला. "देवाक धमकी?"

"व्हय म्हाराजा!" मोरिओ म्हणाला.

"हो कोंबो मी तुझ्या नावान सोडतंय. मारणत नाय. मान्य आसा तर टीप म्हणान सांग ह्येका."

आमच्याकडे कोंबड्यापुढे तांदूळ टाकतात. त्याने टिपले की देवाने तो स्वीकारला. हिसाएने आणलेले तांदूळ मी दगडावर टाकले आणि खोके उघडले. कोंबडा बाहेर आला. तांदळाकडे बघितले. कोल्ह्याकडे बघितले. एक पाय वर घेतला आणि तसाच उभा राहिला.

किती वेळ ते माहीत नाही. म्हातारीचा झाडू थांबला होता. माझ्या छातीत काय चालले होते ते मी कुणाला सांगितले नाही, आता सांगते: मी त्या पाखराच्या चोचीकडे बघत होते आणि माझ्या मुलीचे दिवस मोजत होते. टीप रे बाबा. एक दाणा टीप.

कोंबड्याने पाय खाली ठेवला, तांदूळ ओलांडले, सरळ बशीकडे गेला आणि कोल्ह्याची वडी गिळली. मग दुसरी. मग बशी उलटी केली.

"तांदूळ खाल्लेन नाय," बाबली पुटपुटला.

"गप. हंयचो देव ह्याच खाता. हंयचो तांदूळ म्हणजे ह्यो. टिपल्यान. देवान मान्य केल्यान. सोडलो."

नियम मी वाकवला, मला माहीत आहे. आमच्याकडे देवाचे नियम आजवर मानकऱ्यांनी आपापल्या सोयीने वाकवले, ते चालले. एक दिवस मी वाकवला. बाबलीने माझ्याकडे बघितले, कोंबड्याकडे बघितले आणि नाक पुसले.

म्हातारीने हिसाएला काहीतरी विचारले. हिसाएने आपल्या पोटावरून हात गोल फिरवून दाखवला. म्हातारी देवळामागे गेली आणि एक नवे लाल लाळेरे घेऊन आली. कोल्ह्यांच्या गळ्यात असतात तसे, तिने स्वतः शिवलेले. माझ्यापुढे धरले.

"बाळाक," हिसाए म्हणाली.

मी दोन पावले मागे उडी मारली. बाळ यायच्या आधी बाळाचे कापड घरात आणत नाहीत! म्हातारी पुढे, मी मागे. ती प्रेमाने देते आहे आणि मी झाडाला पाठ लावून हात मागे लपवते आहे. नाही तरी कसे म्हणायचे? शेवटी मी ते दोन बोटांत घेतले, म्हातारीच्या पायांना हात लावला आणि वळून कोंबड्याच्या गळ्यात बांधले. आता तो देवाचा होता, त्याला चालते. कोंबडा एकदम ताठ झाला. म्हातारी इतकी हसली की तिला झाडूचा आधार घ्यावा लागला.

पण देवळात कोंबडा ठेवायचा नाही, हे तिने हसता हसताच सांगितले.

"मगे ह्येका खंय?" हिसाएने विचारले.

"देवाचो कोंबो," मी म्हटले. "तुमच्या घराक. प्रसाद."

हिसाएने नवऱ्याला सांगितले. मोरिओने कोंबड्याकडे बघितले आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

जायला वळलो. मला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखे वाटत होते. मागे बघते तर बाबली परत कोल्ह्यापुढे उभा. हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहरा धुतल्यासारखा.

"आणि म्हाराजा," तो म्हणत होता, "बाळंतपण सुखरूप जावंदेत, पुढल्या वर्सा ह्याच दिवसांनी येवन तुका..."

मी कधी नव्हे ती धावले. माझा हात त्याच्या तोंडावर जाऊन बसला तो असा की दात लागले. तो हाताखाली काहीतरी बोलत राहिला, मी दाबत राहिले. मग ऐकू आले की अजून कोणीतरी पुटपुटते आहे. मोरिओ. दुसऱ्या कोल्ह्यापुढे, हात जोडून, डोळे मिटून, त्याच्या भाषेत, मनापासून.

"हिसाए, हो काय सांगता गो?"

हिसाएने कान दिला. तिचे डोळे मोठे झाले.

"बाळ-बाळंतीण बरी आसली तर पुढल्या वर्सा तो धारगळाक येतलो. तुमच्या राखणदाराक कोंबो दितलो." ती थांबली, परत ऐकले. "ह्योच."

माझा एक हात बाबलीच्या तोंडावर होता, आणि मोरिओ चार पावले लांब होता.